लाकडाचा बाजार आणि वनाचे आयुष्य : लकडगंजच्या निमित्ताने

नागपूर शहराच्या पूर्व अंगास, इतवारीच्या जुन्या बाजारपेठेपलीकडे, लकडगंज नावाची जी वस्ती आहे तिचे नावच तिचा व्यवसाय सांगते. लाकडाचा गंज, म्हणजे लाकडाची पेठ. वस्ती पुढे पुष्कळ वाढली. महानगरपालिकेच्या एका झोनला हेच नाव मिळाले. तथापि लाकडाच्या वखारी आणि आरागिरण्या यांच्याशी असलेला या नावाचा संबंध तुटलेला नाही. ओंडक्यांच्या थप्प्या, आऱ्याचा कर्कश आवाज आणि ओल्या भुश्याचा वास ही येथील जुनी ओळख होय. दक्षिणेस चंद्रपूर-गडचिरोलीचे, पूर्वेस भंडारा-गोंदियाचे आणि उत्तरेस सातपुड्याचे अरण्य, आणि त्या सर्वांच्या मध्ये ही पेठ, असे हे भौगोलिक चित्र आहे. 2023 मध्ये उद्घाटन झालेल्या नव्या संसदभवनासाठी सागवान नागपूरहून गेले, आणि त्याच वर्षी अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरच्या आगारातून सागवान पाठविण्यात आले. या दोन घटनांवरून या प्रदेशातील सागाची प्रतिष्ठा आजही किती आहे हे दिसून येते.

साग हे लाकूड टिकाऊ, असे व्यापारी सांगतो. अभ्यासक ज्याला शाश्वतता म्हणतात तो टिकाऊपणा मात्र वेगळा. पहिला टिकाऊपणा तोडलेल्या लाकडाचा, दुसरा न तोडलेल्या वनाचा. दोहोंसाठी इंग्रजीत भिन्न शब्द आहेत. मराठीत एकच शब्द दोन्ही ठिकाणी चालतो, आणि त्यामुळे होणारा घोटाळा केवळ भाषेचा नाही. चौकट शंभर वर्षे टिकते म्हणून साग कापावा, की साग शंभर वर्षे मिळावा म्हणून चौकटी मोजून कराव्यात, हा प्रश्न लाकडाच्या गुणधर्मांचा नसून माणसांच्या वर्तनाचा आणि ज्या संस्थांमधून ते वर्तन घडते त्या संस्थांचा आहे.

किंबहुना शाश्वततेची आधुनिक कल्पना ही मुळात लाकडाच्या टंचाईतून जन्मली. जर्मनीतील सॅक्सनी प्रांताच्या फ्रायबर्ग येथील खाणकारभाराचा अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोवित्स याने 1713 मध्ये वनशास्त्रावर ग्रंथ प्रसिद्ध केला. चांदी गाळण्याच्या भट्ट्यांनी भोवतालचे अरण्य गिळत आणले होते. जितके वाढेल तितकेच तोडावे, हा त्याचा आग्रह. पुढे दीडशे वर्षांनी, 1864 मध्ये, हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला महानिरीक्षक म्हणून डिट्रिख ब्रांडिस या जर्मन वनशास्त्रज्ञाचीच नेमणूक झाली, आणि तीच विचारपद्धती येथे आली. मध्यप्रांतात सातपुड्यातील बोरीचे अरण्य 1865 मध्ये राखीव झाले. 1867 मध्ये मुंबईकडून आलेली आगगाडी नागपुरास पोहोचली. रेल्वेच्या स्लीपरांसाठी लागणारे लाकूड आणि वनाच्या राखणीचे शास्त्र या दोन गोष्टी एकाच दशकात या प्रदेशात आल्या, हे विसरता कामा नये. राखण ही आरंभापासूनच पुरवठ्याची राखण होती.

या राखणीचे साधन म्हणजे हातोडा. तोडावयाच्या झाडावर छाप-हातोड्याने ठसा उमटवावयाचा. तोडल्यावर बुंधा आणि ओंडका या दोहोंवर खूण राहावयाची. मोजमापाची यादी करून माल आगारात आणावयाचा. तेथे प्रतवारी करून थप्प्या लावावयाच्या आणि लिलाव पुकारावयाचा. खरेदीदाराने रक्कम भरली की वाहतुकीचा पास मिळतो. त्या पासावर माल लकडगंजसारख्या पेठेत येतो. आरागिरणीच्या नोंदवहीत तो गोल माल म्हणून जमा पडतो आणि चिरीव माल म्हणून खर्ची पडतो. सरकारी कागदांवर घनमीटर आणि व्यापाऱ्याच्या तोंडी घनफूट, एवढा एक बारीक विसंवाद सोडला तर ही साखळी तर्कशुद्ध आहे. बुंध्यापासून वखारीपर्यंत प्रत्येक ओंडक्याचा मागोवा घेता यावा, हा तिचा हेतू.

परंतु ही साखळी काय पाहते आणि काय पाहत नाही, हे तपासले पाहिजे. हर्बर्ट सायमन याने 1947 मध्ये प्रशासकीय वर्तनावरील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, संस्थेतील मनुष्य संपूर्ण वस्तुस्थिती जाणून निर्णय घेत नसतो. संस्था त्याच्यापुढे वस्तुस्थितीचा जो मर्यादित भाग ठेवते, त्यावरूनच तो निर्णय घेतो. वनव्यवहाराला हे विधान लावून पाहावे. हातोड्याच्या साखळीत झाड दिसते ते तोडण्याच्या क्षणी. त्यापूर्वीची साठ-सत्तर वर्षे, त्याच्या तळाशी उगवणारी रोपटी, चरणारी गुरे, मोहफुले वेचणाऱ्या स्त्रिया, लागलेला वणवा, यांपैकी कशालाही ठसा नाही. जे नोंदले जाते त्याची जबाबदारी निश्चित होते; जे नोंदले जात नाही ते कोणाचेच राहत नाही. ओंडका हरवला तर वनरक्षकाला जाब द्यावा लागतो. ज्या ठिकाणी दहा वर्षांत एकही नवे रोप जगले नाही त्या ठिकाणचा जाब सहसा कोणाला विचारला जात नाही.

काळाच्या मापाविषयीही असाच विसंवाद आहे. साग परिपक्व होण्यास साठ ते ऐंशी वर्षे लागतात. वनविभागाची कार्य आयोजना सामान्यतः दहा वर्षांची. महाराष्ट्रात बदल्यांचे नियमन करणाऱ्या 2005 च्या कायद्याप्रमाणे अधिकाऱ्याचा एका पदावरील सामान्य कार्यकाल तीन वर्षांचा. अंदाजपत्रक एका वर्षाचे आणि लिलाव एका दिवसाचा. ज्याने रोप लावले त्याला तो साग उभा दिसणार नाही, आणि जो लिलाव करतो त्याने तो लावलेला नसतो. यात कोणा व्यक्तीचा दोष नाही. दीर्घायुषी वस्तूची व्यवस्था अल्पायुषी पदांकडे सोपविली की, प्रत्येक पदावरचा मनुष्य आपल्या कार्यकालात दिसेल असेच काम पुढे ढकलतो, हे मानवी स्वभावाला धरूनच आहे.

याच प्रदेशाच्या इतिहासात याचे एक ढळढळीत उदाहरण आहे. मध्यप्रांतातील मालगुजारांकडे गावांबरोबर मोठमोठी जंगलेही होती, आणि त्यांत रयतेला सरपण, बांबू, चराई यांचे निस्ताराचे हक्क होते. मालकी-हक्क नष्ट करणारा कायदा 1950 मध्ये झाला आणि 1951 मध्ये तो अमलात आला. कायदा येणार हे त्यापूर्वी काही वर्षांपासून सर्वांस ठाऊक होते. उद्या जंगल आपले राहणार नाही हे कळताच कित्येक मालगुजारांनी ते विकून टाकले किंवा तोडून घेतले. ही तोड केवळ लोभी माणसांची होती असे समजणे सोयीचे आहे, पण अपुरे आहे. तोच मालगुजार, त्याचाच लोभ, वीस वर्षांपूर्वी त्याच जंगलात वावरत होता. बदलली होती ती फक्त उद्याविषयीची खात्री. वन राखणे हा भविष्यावरचा विश्वास आहे, आणि तो विश्वास कायदा देऊ शकतो तसा काढूनही घेऊ शकतो. त्या उलथापालथीत रयतेचे निस्तार-हक्क मालगुजाराच्या हातून सरकारच्या हाती गेले. कागदोपत्री ते राहिले, पण ज्याच्याकडे तक्रार न्यावयाची तो माणूस गावातून कचेरीत गेला.

नियम वाढविले की वर्तन सुधारते, अशी एक सार्वत्रिक समजूत आहे. तिच्याविरुद्ध जाणारा एक लहानसा पण बोधक प्रयोग इस्राएलमधील हैफा येथे झाला. तेथील बालसंगोपनगृहांत मुलांना नेण्यास पालक उशिरा येत. म्हणून काही गृहांनी उशिरासाठी दंड सुरू केला. उशिरा येणाऱ्यांची संख्या घटण्याऐवजी वाढली, आणि दंड रद्द केल्यावरही ती पूर्ववत् झाली नाही. युरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, दंड ही किंमत समजली जाते; किंमत मोजली की संकोच उरत नाही. भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 68 अन्वये काही वनगुन्ह्यांची रक्कम घेऊन तडजोड करता येते. ही तरतूद आवश्यक आहे, कारण प्रत्येक मोळीसाठी न्यायालयात जाणे शक्य नाही. तथापि ज्या गावात सागाची बल्ली आणणे म्हणजे अमुक रुपयांचे काम असे ठरून जाते, तेथे त्या बल्लीविषयीची लाज संपते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. श्रीमंतास ती बल्ली परवडते. गरिबाचा एक आठवडा जातो.

आता वरच्या टोकाचा नियम पाहू. गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 1996 रोजी जो आदेश दिला, त्याने वन या शब्दाचा कोशातील अर्थ ग्राह्य धरला आणि मंजूर कार्य आयोजनेवाचून होणारी वनांतील तोड थांबविली. पुढे ऑक्टोबर 2002 च्या आदेशाने केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या पूर्वपरवानगीखेरीज नवी आरागिरणी उघडण्यास परवाना देऊ नये, असे राज्यांना बजावले. 2016 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी हे काम राज्यस्तरीय समित्यांकडे सोपविले. या आदेशांनी अनिर्बंध तोडीला आळा बसला यात शंका नाही. पण आरा बंद झाला म्हणून दार-खिडक्यांची मागणी बंद होत नाही. देशातील मागणी परदेशी लाकडाकडे वळली. गुजरातेतील कांडला बंदरातून न्यूझीलंडचा पाइन येऊ लागला, तसाच ब्रह्मदेशाचा, घानाचा, इक्वेडोरचा साग येऊ लागला. ब्रह्मदेशाने 1 एप्रिल 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हा मागणी आणखी दुसरीकडे सरकली. अर्थशास्त्रज्ञ यास गळती म्हणतात. एका ठिकाणी वाचलेले वन दुसऱ्या ठिकाणच्या वनाच्या मोबदल्यात वाचलेले असते, आणि ते दुसरे वन ग्राहकाला कधीच दिसत नाही. गडचिरोलीचे जंगल निदान नागपूरकराच्या कल्पनेत तरी असते; इक्वेडोरचे नसते. पेठेत लाकूड निवडताना ग्राहक रेषा पाहतो, गाठी पाहतो, भाव विचारतो. ते लाकूड तोडले गेले तेथे मागे काय राहिले, हा प्रश्न तो विचारत नाही. त्याला तो सुचावा अशी कोणतीही सोय बाजाराच्या रचनेत नाही.

गॅरेट हार्डिन याने 1968 मध्ये सामाईक मालमत्तेच्या शोकान्तिकेवर जो सुप्रसिद्ध निबंध लिहिला त्यात असे गृहीत धरले होते की, सामाईक कुरणावर प्रत्येक गुराखी आपले एक गुरू अधिक सोडणारच, आणि म्हणून कुरणाचा नाश अटळ आहे. उपाय दोनच : सरकारी बंधन किंवा खाजगी मालकी. या निबंधातील गुराखी एकमेकांशी बोलत नाहीत, ही गोष्ट पुष्कळ वर्षे कोणाच्या फारशी लक्षात आली नाही. एलिनॉर ऑस्ट्रम हिने 1990 च्या ग्रंथात जगातील अनेक सामाईक कुरणे, कालवे आणि मत्स्यक्षेत्रे तपासून दाखविले की, जेथे वापरणारेच नियम करतात, एकमेकांवर लक्ष ठेवतात आणि पहिल्या चुकीला सौम्य व पुढच्या चुकीला कठोर शिक्षा देतात, तेथे सामाईक संपत्ती शतकानुशतके टिकली आहे. आपल्या सहकाऱ्यांसह तिने केलेल्या प्रयोगांत तर असे आढळले की, सहभागी व्यक्तींना समोरासमोर बोलू दिले एवढ्यानेच, वचन पाळण्याची कोणतीही बाह्य सक्ती नसताना, सहकार्य लक्षणीय वाढते. या कार्यासाठी तिला 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातील एका गोंड गावाला त्याच्या जंगलावरील सामूहिक हक्क मान्य होऊन मिळाला. हा निव्वळ योगायोग, पण लक्षणीय.

ते गाव म्हणजे मेंढा (लेखा). त्याचा इतिहास सागाच्या काही खोडांपासून सांगता येतो. 1980 च्या दशकात, इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम् येथील नियोजित धरणांविरुद्धच्या आंदोलनाच्या वातावरणात, गावाने आपले लोप पावत चाललेले घोटुल पुन्हा उभारण्याचे ठरविले आणि त्यासाठी जंगलातून सागाची खोडे आणली. वनखात्याच्या दृष्टीने हा गुन्हा होता. घोटुल मोडण्यात आले. सभोवतालची गावे एकत्र झाली आणि घोटुल पुन्हा उभे राहिले. लकडगंजच्या वखारीत जाणारा साग हा महसूल, आणि गावाच्या घोटुलात लागलेला साग हा अपराध, ही विषमता गावकऱ्यांना कोणी शिकवावी लागली नाही. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा या अनुभवातून आली.

घोषणेपेक्षा अभ्यासकाला महत्त्वाची वाटावी अशी गोष्ट म्हणजे गावाची कार्यपद्धती. शंभराच्या आसपास कुटुंबांच्या या गावात ग्रामसभेचा निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असला तर निर्णय पुढे जातो. ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट आहे. त्याला निर्णयाचा अधिकार नाही. तेथे केवळ विचार होतो, माहिती गोळा होते, कायदे वाचले जातात, बाहेरच्या जाणकारांना बोलावले जाते. देवाजी तोफा यांच्यासारखे गावातील कार्यकर्ते आणि वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहवासातून ही पद्धती घडत गेली. विचार करण्याचे स्थान आणि निर्णय घेण्याचे स्थान वेगळे ठेवणे, ही संघटनाशास्त्राच्या दृष्टीने मोठी सूक्ष्म योजना होय. पुष्कळ कार्यालयांत विचार आणि निर्णय एकाच टेबलावर, एकाच माणसाकडून, एकाच दिवशी होतात, आणि त्यामुळे चुकीचा विचार मागे घेण्याची सोय राहत नाही.

सर्वसहमतीवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो की ती मंद असते. ती मंद असते हे खरेच. पण ज्या निर्णयाला कोणाचाच विरोध उरलेला नाही, त्याच्या अंमलबजावणीसाठी वेगळा पहारा कमी लागतो. बहुमताने लादलेला नियम मोडण्यास पराभूत अल्पमताला नैतिक सबब सापडते. जंगलाला आग लावावयाची नाही, अतिक्रमण करावयाचे नाही, ग्रामसभेच्या परवानगीवाचून विक्रीसाठी काही काढावयाचे नाही, हे मेंढ्याचे नियम कोणत्याही वनखात्याच्या नियमपुस्तिकेत सापडतील. फरक एवढाच की, नियम मोडणाऱ्याला ज्यांच्यासमोर उभे राहावे लागते त्यांत त्याने स्वतः त्या नियमाला संमती दिल्याचे साक्षीदार बसलेले असतात. अर्थात् सहमतीच्या आड दबलेला विरोध असू शकतो. गावातील मौन ही संमतीच आहे असे धरून चालणाऱ्या अभ्यासकाने स्त्रियांच्या आणि धाकट्यांच्या मौनाकडे विशेष बारकाईने पाहिले पाहिजे.

वनहक्क कायदा 2006 मध्ये संमत झाला आणि 2008 च्या आरंभी अमलात आला. त्यान्वये मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही लढा संपला नाही, कारण हक्क मिळाला तरी पास मिळेना. 1927 च्या कायद्यात बांबूची गणना वृक्षांत होती, आणि वृक्षाची वाहतूक म्हणजे खात्याचा पास. नव्या कायद्याने मात्र बांबूला गौण वनोपज ठरविले होते. जंगल गावाचे, बांबू गावाचा, पण तो रस्त्यावर नेण्याचा अधिकार दुसऱ्याचा, असा हा पेच होता. 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यास येऊन वाहतूक-पासांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. वरवर पाहता ही एका पुस्तकाची देवाणघेवाण. पण हातोडा, मोजमापाची यादी आणि पास या साखळीचे महत्त्व ज्याने ओळखले आहे त्याला कळेल की, वनाची खरी सत्ता पास कोण लिहितो यात असते. पुढे 2013 मध्ये गावाने 1964 च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्यान्वये आपली खाजगी शेतजमीनही ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचे ठरविले.

मेंढा हे अपवादात्मक गाव आहे, त्यावरून सामान्य सिद्धांत काढता येणार नाही, असे म्हटले जाते. म्हणून चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावचे उदाहरण घ्यावे. तेथे 2012 मध्ये सुमारे 1,000 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि ग्रामसभा स्वतः बांबूची तोड व विक्री करू लागली. तेंदूपान हे विदर्भातील वनवासी कुटुंबांचे उन्हाळ्यातील रोख उत्पन्न. पण तेंदूच्या कोवळ्या पानांसाठी झाडे छाटावी लागतात आणि जंगलाला आग लावण्याची प्रथा पडते. म्हणून पाचगावने तेंदूपान तोडणे बंद केले. हातचे उत्पन्न गरीब गावाने स्वखुशीने सोडावे, याचे स्पष्टीकरण हार्डिनच्या गुराख्यावरून देता येत नाही. ते मालगुजारांच्या तोडीच्या उदाहरणावरून, उलट बाजूने, देता येते : येथे उद्याविषयीची खात्री निर्माण झाली होती. त्याबरोबर हेही नोंदले पाहिजे की, बांबूच्या कामातून मजुरी मिळत असल्यामुळे तेंदू सोडणे परवडले. पोट आणि विवेक यांना एकमेकांविरुद्ध उभे करून मानवी वर्तनाचा अभ्यास होत नाही.

तथापि या साऱ्याची मर्यादाही स्पष्ट आहे. वनहक्क कायद्यातील गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, तेंदू, मध, लाख, मोहफूल येतात; इमारती लाकूड येत नाही. मेंढ्याच्या ग्रामसभेला आपल्या जंगलातील बांबूचा पास लिहिता येतो, सागाचा नाही. सागाच्या वाढीवर ज्यांची रोज नजर पडते त्यांना त्याच्या तोडीविषयी मत नाही, आणि ज्यांना मत आहे त्यांचा त्याच्याशी संबंध तीन वर्षांचा. बांबू दोन-तीन वर्षांत पक्व होतो आणि तोडला तरी बेट उरते, म्हणून त्याच्या तोडीतील चूक गावाला त्याच पिढीत कळते व सुधारता येते. सागाच्या बाबतीत चूक नातवाला कळेल. सर्वसहमती, अभ्यासगट आणि पासाचे पुस्तक यांचा कस सागावर अद्याप लागलेलाच नाही. राज्याच्या वनखात्याचे मुख्यालय नागपुरात आहे, लाकडाची पेठ नागपुरात आहे, आणि ज्या गावांनी बांबूवर हे करून दाखविले ती दोन्ही येथून एका दिवसाच्या प्रवासाच्या अंतरावर आहेत. तोपर्यंत सरकारी वनातील सागाचा ओंडका लकडगंजमध्ये येतो तो खात्याच्याच ठशाने. तो चोरीचा नाही एवढे त्या ठशावरून कळते. तो ज्या जागेवरून आला तेथे दुसरे रोप उभे राहिले की नाही, हे त्या ठशावर लिहिलेले नसते.